ऐकू येणे आणि ऐकले जाणे : नभोवाणीची सामाजिक भूमिका आणि पालघर-बोईसर-तारापूर परिसर

प्रस्तावना

नभोवाणी आणि समाज यांच्या संबंधाचा विचार आपल्याकडे बहुधा 'पोहोच' या एकाच कसोटीवर केला जातो. प्रक्षेपक किती शक्तीचा आहे, त्याच्या कक्षेत किती लोकसंख्या येते, किती भाषांतून किती तास प्रसारण होते, या आकड्यांवरून माध्यमाची सामाजिक भूमिका ठरविली जाते. ही कसोटी निरुपयोगी नाही, परंतु अपुरी निश्चितच आहे. एखाद्या प्रदेशाला नभोवाणी ऐकू येणे आणि त्या प्रदेशाचे म्हणणे नभोवाणीने ऐकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली तंत्रज्ञानाने साध्य होते. दुसरीसाठी सामाजिक व्यवस्था उभी करावी लागते.

या भेदाच्या आधारे प्रस्तुत लेखात तीन गोष्टींचा विचार केला आहे : १९५६ मधील पुण्याचा ग्रामीण नभोवाणी प्रयोग, पूर्व आफ्रिकेतील प्रसारणाचा अनुभव आणि पालघर-बोईसर-तारापूर हा मुंबईच्या कुशीत असूनही ध्वनिक्षेपकापासून दूर राहिलेला परिसर. पूर्व आफ्रिकेचा संदर्भ येथे दूरचा वाटण्याचे कारण नाही. भाषांची विविधता, मौखिक परंपरेचे प्राबल्य, स्थलांतरित मजूर, वसाहतकाळातील जमीनधारणेचे प्रश्न आणि राजधानीकडून सीमेकडे वाहणारी माहिती ही वैशिष्ट्ये दोन्ही ठिकाणी आढळतात.

पुण्याचा प्रयोग : यश आणि त्याची मोजपट्टी

फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या काळात युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने तत्कालीन मुंबई राज्यातील पाच जिल्ह्यांत एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतील १५० गावांत श्रोता मंडळे स्थापन करण्यात आली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस कार्यक्रम प्रसारित झाले. गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा, त्यावर चर्चा करावी, जमेल ती कृती करावी आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवावेत, अशी ही योजना होती. कॅनडातील शेतकरी श्रोता मंडळांच्या धर्तीवर ती आखली होती. तिचे मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेने केले. जगदीशचंद्र माथुर आणि पॉल न्यूराथ यांचा या प्रयोगावरील ग्रंथ १९५९ मध्ये युनेस्कोने प्रसिद्ध केला.

या मूल्यमापनाची रचना आजही लक्षणीय वाटते. श्रोता मंडळ असलेली गावे, केवळ रेडिओ संच असलेली गावे आणि रेडिओच नसलेली गावे अशी तुलना त्यात करण्यात आली. मंडळे असलेल्या गावांत ज्ञानवृद्धी ठळकपणे दिसून आली. नुसता संच असलेल्या गावांत ती फारशी दिसली नाही. म्हणजेच परिणाम घडविणारा घटक रेडिओ संच हा नसून संचाभोवती बसलेली माणसे हा होता. पोहोच म्हणजे परिणाम, या समजुतीला महाराष्ट्राच्या भूमीवरच सात दशकांपूर्वी मिळालेले हे उत्तर होय.

तथापि याच ग्रंथाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मूल्यमापनाची मोजपट्टी 'ज्ञान' ही होती. शेती, आरोग्य, पशुपालन इत्यादी विषयांवर केंद्राने जे सांगितले, त्यातील किती श्रोत्यांच्या लक्षात राहिले, हे त्यात मोजले गेले. श्रोत्यांनी केंद्राला काय शिकविले, हे मोजण्याची सोय त्या आराखड्यात नव्हती. मंडळांकडून प्रश्न येत होते आणि त्यांना उत्तरेही दिली जात होती. परंतु विषयपत्रिका मुख्यतः केंद्राकडेच राहिली. प्रयोगाचा पुढे देशभर विस्तार झाला, तेव्हा मंडळांची संख्या वाढली आणि चर्चेचा प्राण मात्र क्षीण होत गेला. मोजता येणारी गोष्ट टिकविण्याचा प्रयत्न झाला, न मोजलेली गोष्ट हातातून निसटली, असे या इतिहासाविषयी म्हणावे लागते.

आणखी एक बाब पालघरच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. निवडलेल्या पाच जिल्ह्यांत ठाणे जिल्हा नव्हता. मुंबई केंद्राला सर्वांत जवळचा असलेला हा ग्रामीण व आदिवासी प्रदेश, ज्याचा उत्तर भाग १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला, श्रोता मंडळांच्या या पहिल्या नकाशाबाहेर राहिला.

पूर्व आफ्रिका : एका माध्यमाची परस्परविरोधी रूपे

श्रोता मंडळाच्या कल्पनेचा अत्यंत व्यापक आविष्कार टांझानियात झाला. १९७३ मध्ये तेथे आरोग्यविषयक मोहीम राबविण्यात आली. 'म्तु नि आफ्या' हे तिचे स्वाहिली नाव. 'माणूस म्हणजे आरोग्य' असा त्याचा भावार्थ सांगता येईल. सुमारे ७५ हजार गटप्रमुखांना प्रशिक्षण देण्यात आले आणि सुमारे २० लाख लोक अभ्यासगटांत सहभागी झाले. रेडिओवरील पाठ ऐकून गटाने चर्चा करावी आणि शौचालय बांधणे, पाण्याच्या जागा स्वच्छ ठेवणे यांसारखी कामे हाती घ्यावीत, असे मोहिमेचे स्वरूप होते. ज्युलियस न्येरेरे यांच्या प्रौढशिक्षणविषयक धोरणाचे पाठबळ आणि स्वाहिली ही सर्वांना समजणारी भाषा, या दोन गोष्टींमुळे हे शक्य झाले. पुण्याच्या प्रयोगातील सूत्र येथे राष्ट्रीय पातळीवर उतरले. मात्र विषय ठरविण्याचा अधिकार येथेही राजधानीकडेच होता.

१९९३ मध्ये टांझानियातच 'त्वेंदे ना वाकाती' ही कुटुंबनियोजन आणि एड्स-प्रतिबंध या विषयांवरील नभोनाट्यमालिका सुरू झाली. दोदोमा परिसरात आरंभीची दोन वर्षे ती प्रसारित न करता तुलनेसाठी तो भाग राखून ठेवण्यात आला. मालिकेचा परिणाम दाखविताना अभ्यासकांनी पतिपत्नींमधील आणि परिचितांमधील संभाषणाला विशेष महत्त्व दिले. येथेही ध्वनिक्षेपकापेक्षा त्यानंतरच्या बोलण्याने काम केले.

परंतु स्थानिक भाषा, बोलीचा जिव्हाळा आणि श्रोत्यांचा सहभाग हे गुण स्वभावतःच कल्याणकारी असतात, असा निष्कर्ष काढणे घातक ठरेल. रवांडात जुलै १९९३ मध्ये सुरू झालेल्या 'आरटीएलएम' या खासगी केंद्राने किन्यारवांडा भाषेत, चौकातील गप्पांच्या शैलीत, गाणी आणि श्रोत्यांचे दूरध्वनी यांचा वापर करीत तुत्सी समाजाविरुद्ध द्वेष पसरविला. एप्रिल ते जुलै १९९४ मधील वंशसंहारात अंदाजे आठ लाख माणसे मारली गेली. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने या केंद्राशी संबंधित व्यक्तींना दोषी ठरविले. मात्र स्कॉट स्ट्रॉस यांच्यासारख्या अभ्यासकांनी हेही दाखवून दिले, की संहाराचे सारे खापर रेडिओवर फोडता येत नाही. प्रत्यक्ष हत्येला माणसे उभी राहिली ती बहुतांशी गावपातळीवरील अधिकारी, टोळ्या आणि समोरासमोरचा दबाव यांमुळे. याचा अर्थ असा, की संचाभोवतीची माणसे हाच निर्णायक घटक, हे पुण्यात दिसलेले तत्त्व रवांडातही लागू पडते. फक्त तेथे ते विनाशाच्या बाजूने लागू पडले.

त्याच रवांडात २००४ पासून 'मुसेकेवेया' ही सलोख्याचा पुरस्कार करणारी नभोनाट्यमालिका प्रसारित झाली. बेट्सी लेव्ही पॅलक यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार या मालिकेमुळे श्रोत्यांच्या वैयक्तिक श्रद्धांपेक्षा 'आपल्या समाजात काय योग्य मानले जाते' याविषयीची त्यांची समजूत बदलली. केनियात २००७-०८ च्या निवडणुकोत्तर हिंसाचारात मातृभाषांतील काही केंद्रांवर चिथावणीचे आरोप झाले. त्याच काळात नैरोबीतील किबेरा वस्तीतील 'पामोजा एफएम' या केंद्राने शांततेचे आवाहन केले. 'पामोजा' या स्वाहिली शब्दाचा अर्थ 'एकत्र' असा आहे. एकच माध्यम, एकच देश आणि परस्परविरोधी भूमिका. तेव्हा 'रेडिओची भूमिका' असे एकवचनी विधान करणे अभ्यासाच्या दृष्टीने सदोष आहे. रेडिओ कोणाच्या हाती आहे आणि त्याला प्रश्न विचारणारी कोणती व्यवस्था श्रोत्यांजवळ आहे, यावर ती भूमिका ठरते.

पालघर-बोईसर-तारापूर : जवळचा श्रोता, दूरचा वक्ता

मुंबई केंद्राचे उद्घाटन २३ जुलै १९२७ रोजी झाले. तेथून लोहमार्गाने सुमारे शंभर किलोमीटरवर असलेला हा परिसर प्रसारणाच्या आरंभापासूनच श्रवणकक्षेच्या जवळ होता. सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडी, तारापूर या किनाऱ्यावरील मच्छीमारांच्या दृष्टीने नभोवाणी ही करमणुकीआधी सुरक्षिततेची बाब होती. हवामानाचा इशारा वेळेवर कळणे म्हणजे बोट पाण्यात लोटायची की नाही, हे ठरविता येणे. मध्यम लहरी समुद्राच्या पृष्ठभागावरून दूरवर जातात, त्यामुळे किनारा दृष्टिआड झाल्यावरही स्वस्त ट्रान्झिस्टरवर त्या पकडता येतात. ही सेवा मोलाची होती, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु या देवाणघेवाणीची दिशा पाहिली, की तिचा एकेरीपणा जाणवतो. इशारा मुंबईहून किनाऱ्याकडे गेला. खाडीच्या पाण्याचा रंग बदलला, मासळी मेली, जाळ्यात अमुक जात येईनाशी झाली, ही किनाऱ्याची माहिती त्याच वाटेने परत जाऊ शकली नाही. तारापूर औद्योगिक क्षेत्राच्या सांडपाण्याविषयीची मच्छीमारांची तक्रार अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेच्या अर्जाद्वारे राष्ट्रीय हरित लवादापुढे न्यावी लागली आणि २०२२ मध्ये लवादाने भरपाई आकारण्याचा आदेश दिला. जी माहिती दैनंदिन संवादातून यावयास हवी होती, ती न्यायालयीन कागदपत्रांतून यावी, यातच संवादव्यवस्थेतील उणीव स्पष्ट होते.

आदिवासी समाजाच्या बाबतीत ही उणीव अधिक खोल आहे. २०११ च्या जनगणनेनुसार आजच्या पालघर जिल्ह्याच्या क्षेत्रातील २९,९०,११६ लोकसंख्येपैकी सुमारे ३७ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. वारली, कोकणा, कातकरी, मल्हार कोळी, दुबळा, धोडी अशा जमाती येथे राहतात; किनाऱ्यावर मांगेली, वाडवळी या बोली बोलल्या जातात. तारपा आणि कोळीगीते यांना प्रसारणात स्थान मिळाले ते प्रामुख्याने 'लोकसंगीत' या सदरात. गाणे घेतले गेले, बोलणे घेतले गेले नाही. आपल्या बोलीत रेशनविषयी, वनहक्काच्या दाव्याविषयी किंवा दवाखान्याविषयी बोलणारा वारली माणूस नभोवाणीच्या कल्पनेतील 'श्रोता' असू शकतो. 'वक्ता' होण्यासाठी मात्र त्याला प्रमाण मराठीची वेस ओलांडावी लागते.

यात तिसरा घटक आहे तो बोईसरच्या कामगारांचा. तारापूर अणुऊर्जा केंद्र १९६९ मध्ये कार्यान्वित झाले आणि पुढे औद्योगिक वसाहतीचा विस्तार झाला. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून आलेला मजूर या परिसराच्या अर्थव्यवस्थेचा आधार आहे. परंतु स्थानिक संवादात त्याची भाषा जवळजवळ अनुपस्थित आहे. जानेवारी २०२० मध्ये औद्योगिक क्षेत्रातील एका रासायनिक कारखान्यातील स्फोटात अनेकांचा बळी गेला. अशा प्रसंगी काय फुटले, वारा कोणत्या दिशेला आहे, घराबाहेर पडावे की दारे-खिडक्या बंद कराव्यात, हे भोजपुरी, ओडिया, मांगेली आणि वारली बोलणाऱ्यांना एकाच वेळी कोण सांगणार, हा प्रश्न केवळ प्रशासकीय नाही. तो संज्ञापनाचा प्रश्न आहे.

अफवेचा इतिहास आणि प्रसारणाचे मौन

माहितीच्या पोकळीत अफवा वाढते, हे विधान सर्वपरिचित आहे. या प्रदेशात त्याची किंमत माणसांच्या जिवाने मोजली गेली आहे. ऑक्टोबर १९४५ मध्ये वारली चळवळीच्या काळात गोदावरी परुळेकर यांच्या सभेविषयी आणि जिवाला असलेल्या धोक्याविषयी खोटी बातमी पसरविली गेली. ती ऐकून तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात पाचजण मृत्युमुखी पडले, असे त्या चळवळीच्या इतिहासात नोंदलेले आहे. खरे काय, हे विचारून घेण्याचे कोणतेही साधन त्या जमावाजवळ नव्हते.

पाऊणशे वर्षांनी, १६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे जमावाने दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांची हत्या केली. त्याआधीचे काही दिवस परिसरात चोर आणि मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवा फिरत होत्या. या दोन घटनांचे स्वरूप, हेतू आणि गुन्ह्याचे दायित्व सर्वस्वी भिन्न आहे. १९४५ मध्ये जमाव बळी ठरला, २०२० मध्ये जमावाने बळी घेतले. त्यांना एका तागडीत तोलता येणार नाही. साम्य आहे ते एवढेच, की दोन्ही वेळा गावापर्यंत खोटी बातमी पोहोचली आणि तिची शहानिशा करणारा विश्वासाचा आवाज पोहोचला नाही. १९४५ मध्ये साधनेच नव्हती. २०२० मध्ये खिशात भ्रमणध्वनी होता. तेव्हा साधनांच्या अभावाकडे बोट दाखवून या प्रश्नातून सुटका होत नाही.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. धुंदलवाडी परिसरातील लोक थंडीत घराबाहेर झोपले. अशा वेळी लोकांना केवळ आकडा पुरेसा नसतो. भिंत कशी तपासावी, लेकरांना कोठे झोपवावे, पुढे आणखी मोठा धक्का येणार असे जो सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवावा का, या प्रश्नांना आपल्या बोलीत, ओळखीच्या आवाजात आणि पुन्हा पुन्हा उत्तर मिळावे लागते. 'मुसेकेवेया'च्या अभ्यासाचे महत्त्व येथे कळते. 'अफवा ऐकली, तर आधी विचारून घ्यावे' ही रीत समाजाची मान्य रीत व्हावी लागते. एका निवेदनाने ती होत नाही. दीर्घकाळच्या सहवासाने होते.

धोरणाची समीक्षा

९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा त्या निकालपत्रात प्रमुख वाटा होता. २००२ मध्ये शैक्षणिक संस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्था व कृषी विज्ञान केंद्रांना सामुदायिक नभोवाणीची वाट मोकळी झाली. २००८ मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशातील पस्तापूर येथे दलित महिलांनी चालविलेला 'संगम रेडिओ' आणि सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे 'माणदेशी तरंग वाहिनी' ही केंद्रे सुरू झाली. ज्यांना केवळ श्रोते मानले जात होते, त्या स्त्रिया ध्वनिक्षेपकासमोर येऊ शकतात, हे या केंद्रांनी सिद्ध केले.

तरीही या धोरणात एक मूलभूत विसंगती आहे. अशा केंद्राला स्वतः मिळविलेल्या बातम्या आणि चालू घडामोडी प्रसारित करता येत नाहीत. भाताचे वाण, लसीकरण, ओव्या यांना मुभा आहे; परंतु शेजारच्या पाड्यावर काल रात्री काय घडले आणि काय घडले नाही, हे सांगणे नियमांच्या कचाट्यात सापडू शकते. रवांडाचा दाखला देऊन या बंदीचे समर्थन करता येईल, आणि तो दाखला हलका नाही. मात्र बंदीमुळे अफवा थांबत नाही. ती केवळ कोणालाही उत्तरदायी नसलेल्या मार्गाने फिरते. नोंदणीकृत केंद्राला जाब विचारता येतो, अग्रेषित संदेशाला विचारता येत नाही. किबेरातील अनुभवावरून असे दिसते, की चिथावणीला उतारा मौनाचा नसून जबाबदार स्थानिक आवाजाचा असतो.

तंत्राच्या दृष्टीनेही पालघरचा विचार बोलका आहे. सामुदायिक केंद्राचे प्रसारण ढोबळमानाने दहा ते पंधरा किलोमीटर परिसरात ऐकू जाते. अणुऊर्जा केंद्राभोवतीचा १६ किलोमीटर त्रिज्येचा परिसर आणीबाणीच्या नियोजनाचा परिसर मानण्याची पद्धत रूढ झाली. ही दोन वर्तुळे जवळजवळ सारखीच आहेत. किनाऱ्यावरील गावे, औद्योगिक वसाहत, कामगारांच्या चाळी आणि पूर्वेकडील काही पाडे एका लहान प्रक्षेपकाच्या आवाक्यात येऊ शकतात. धोक्याच्या नियोजनासाठी आखलेले वर्तुळ संवादाच्या नियोजनासाठी का आखले जाऊ नये, असा प्रश्न उपस्थित होतो. अर्थात खोल समुद्रातील बोटींना या लहान प्रक्षेपकाचा उपयोग नाही. तेथे मध्यम लहरींचीच गरज राहते. म्हणून स्थानिक केंद्र हे सार्वजनिक प्रसारणाला पर्याय नसून त्याचे पूरक अंग होय.

भ्रमणध्वनीच्या युगात रेडिओ कालबाह्य झाला, हा आक्षेपही तपासून घ्यावा लागेल. छत्तीसगडमध्ये २०१० पासून 'सीजीनेट स्वर'ने साध्या दूरध्वनीवरून गोंडी आणि अन्य भाषांतील तक्रारी व वृत्ते नोंदविण्याची सोय केली. साधन बदलले, तरी तत्त्व तेच राहिले : बोलणाऱ्याची भाषा, ऐकणाऱ्याची पडताळणी आणि उत्तर देण्याची बांधिलकी. ही तिन्ही अंगे नसतील, तर नवे साधनही जुन्या एकेरी प्रसारणाचीच पुनरावृत्ती करील.

समारोप

पुण्याच्या प्रयोगाने श्रवणाभोवतीच्या समूहाचे महत्त्व सिद्ध केले, परंतु समूहाच्या ज्ञानाची मोजदाद केली नाही. टांझानियाने समूहाची व्याप्ती वाढविली, परंतु विषयपत्रिका राजधानीतच ठेवली. रवांडाने दाखविले, की आपल्याच भाषेतला आवाज विवेकाच्या अंकुशाविना संहारकही होतो. या तिन्हींचा धडा एकत्र घेतल्यास नभोवाणीच्या सामाजिक भूमिकेची कसोटी अशी मांडता येते : समूहाचा प्रश्न केंद्रापर्यंत परत जातो का, आणि तो गेल्यावर पुढचा कार्यक्रम बदलतो का?

या कसोटीवर पालघर-बोईसर-तारापूर परिसराच्या वाट्याला जवळजवळ शतकभर श्रोतेपणच अधिक आले, असे खेदाने म्हणावे लागते. परिसरातील महाविद्यालयांची जबाबदारी येथे सुरू होते. वारली, मांगेली, वाडवळी, भोजपुरी आणि ओडिया बोलणाऱ्या घरांतील मुले-मुली आज या महाविद्यालयांच्या एकाच वर्गात शेजारी बसतात. परवाना, प्रक्षेपक आणि निधी यांची प्रतीक्षा न करता या विद्यार्थ्यांच्या साहाय्याने गावोगावी श्रवणगट उभे करणे, गावाचे प्रश्न गावाच्या बोलीत ध्वनिमुद्रित करणे आणि संबंधित खात्यांकडून त्यांची उत्तरे मिळवून ती त्याच गटात ऐकविणे हे काम आजही करता येण्यासारखे आहे. प्रक्षेपक नंतर आला तरी चालेल. ऐकून घेण्याची सवय मात्र त्याच्या आधी यावयास हवी; कारण ती नसताना प्रक्षेपकाचे काय होते, हे रवांडाने दाखविले आहे आणि ती नसताना गावाचे काय होते, हे याच जिल्ह्याने अनुभवले आहे.